वरचं पाणी, खालचं पाणी

न्याय हा शब्द आमच्याकडं कोर्टापुरता उरलाय. आणि कोर्टात गेलेला माणूस तरी न्यायाबद्दल कुठं बोलतो? तो बोलतो तारखेबद्दल, वकिलाच्या फीबद्दल. पण विहिरीवर, बांधावर, वाटणीत माणसं तो शब्द तोंडात न घेता रोज त्याच्यावरच भांडतात.

माझं शिक्षण दहावी. पुतण्या परभणीला वकिली शिकतो. त्यानं एकदा सांगितलं, जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन विद्वानानं १९७१ साली न्यायावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की आपण श्रीमंताघरी जन्मणार का गरिबाघरी, धडधाकट का अधू, हे काहीच ठाऊक नाही असं धरून समाजाचे नियम ठरवा. मग ते नियम न्यायाचे होतील. मी म्हणलं, अरे, हे तर आमचा आजा करायचा. भावाभावांची वाटणी असली की त्याचा एकच कायदा : "ज्यानं वाटे घातले त्यानं मागून उचलायचं." वाटे घालणाऱ्याला आपल्या पदरी कोणता येणार ते ठाऊक नसायचं. म्हणून सगळी काळी एकीकडं आन् सगळं बरड दुसरीकडं असा वाटा कधी पडलाच नाही.

पण नदीला हा कायदा कसा लावायचा? नदीवर आपण वर आहोत का खाली, हे आधीच ठरलेलं असतं.

आमच्या जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचं धरण आहे. १९६८ साली ते पुरं झालं. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ साली, म्हणजे आधी पाणी आलं आणि आठ वर्षांनी कायदा. येलदरीचं पाणी वीज करून खाली सिद्धेश्वर धरणात उतरतं आणि तिथून कालव्यानं पुढं जातं. वसमतकडची हळद, केळी, ऊस त्याच्यावर उभे राहतात. आमचा बराचसा डोंगराळ तालुका धरण उशाला घेऊन पावसाकडं बघतो. मी वसमतच्या शेतकऱ्याचा हेवा करत नाही, त्यानं काय चोरी केली? तरी उन्हाळ्यात त्या बाजूला सोयरिकीला गेलो की हिरवं रान बघून पोटात कालवतं, हे खरं.

आता गंमत बघा. हाच मी जायकवाडीचा विषय निघाला की तावातावानं बोलतो. नगर-नाशिकच्या वरच्या धरणांनी पाणी अडवून ठेवलं, ते मराठवाड्याला सोडलंच पाहिजे! २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटप लिहिलंय. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असली तर वरून पाणी सोडायचं, असं ठरलं. त्याच्यासाठी मोर्चे निघाले, हायकोर्टापर्यंत भांडण गेलं. तिथं आपण खालचे. येलदरीच्या वर बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झालं, तेव्हाही आपण खालचे. त्या जलाशयाला नाव चोखोबांचं, संत चोखासागर. ज्याला देवळाची पायरी वलांडू दिली नाही त्याच्या नावानं पाणी अडवलंय. आणि सिद्धेश्वरचा विषय निघाला की आपण वरचे होतो. माणूस तोच, तोंड तेच. नदीचा काठ बदलला की न्याय बदलतो.

हेच छोट्या मापात आमच्या विहिरीवर झालं. भावकीत चौघांची एक विहीर. आठवड्या-आठवड्याची पाळी, प्रत्येकाला सात दिवस. पण तीन फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आता हिशोब करा. पहिल्याची आणि तिसऱ्याची पाळी कायम दिवसा, दुसऱ्याची आणि चौथ्याची कायम रात्री! दुसरा मी. चौथी आमची वहिनी, चुलतभाऊ वारल्यापासून एकटी. बॅटरी घेऊन रातच्याला दारं धरायची. साप, रानडुकरं, थंडी. तिनं विषय काढला तर पहिला म्हणाला, "कामून कुरकुर करता वहिनी? सात दिवस तुम्हाला, सातच आम्हाला." कागदावर त्याचं एक अक्षर चूक नव्हतं.

शेवटी तोड निघाली : एका फेरीनंतर जोडीजोडीनं अदलाबदल करायची. पहिल्याच्या जागी मी, तिसऱ्याच्या जागी वहिनी. त्याला दोन महिने लागले आणि एकदा चुलीपाशी बोलणंही बंद झालं.

त्याच बैठकीत मी पुरंदरमधल्या नायगावची गोष्ट सांगितली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या इंजिनिअरनं तिथं पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणशी द्यायचं : डोई अर्ध्या एकराचं. ऊस लावायचा नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यात वाटा. भूमिहीनाचा वाटा ऐकल्यावर पहिला हसला. म्हणाला, "मंग ज्या वडारांनी ही हीर खोदली त्यांलाबी पाळी द्यायची का?"

त्यानं चेष्टेनंच विचारलं होतं. पंचेचाळीस फूट, त्यात खाली सगळा काळा पाषाण. सुरुंगाचा आवाज मला अजून आठवतो. आम्ही चौघं उठलो, वहिनीनं पेटीचं बटन दाबलं आणि मोटार सुरू झाली.