खर्जाच्या खाली काही नाही

मे अखेरीला आंब्याचा हिशेब मिटला की हातखंबा तिठ्यावरच्या माझ्या दुकानात एक ठरावीक प्रश्न घेऊन माणसं यायला लागतात. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता इथेच एकमेकांना मिळतात, त्यामुळे पाली, नाणीज, लांजा, देवरुख, रत्नागिरी असं कुठलंही गिऱ्हाईक वाटेतच पडतं. प्रश्न असा असतो : "सिस्टीम आहे घरी, वाजतेही बरी. आता यापुढे काय लावू?" गणपतीत चाकरमानी येतात तेव्हाही हाच प्रश्न, फक्त त्यांच्या हातात मोबाइलवर एखाद्या नव्या ॲम्प्लिफायरचा फोटो असतो.

माझं उत्तर बहुतेकदा "काहीच नको" असं असतं. विकणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही, असं काही जण तोंडावर बोलून दाखवतात. पण ॲम्प्लिफायर दुरुस्त करणं, स्पीकर बांधणं आणि घरी जाऊन मांडून देणं यात माझी हयात गेली आहे. या कामात सगळ्यात उशिरा उमगते ती थांबायची जागा. ती जागा खरोखर असते, ती मोजता येते, आणि कोकणात ती लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच अलीकडे असते.

आधी एक गोष्ट निकालात काढायला हवी. नवीन काहीतरी आणावंसं वाटतं, तेव्हा निम्म्या वेळा जुनं काहीतरी मोडलेलं असतं. पालीजवळचे एक निवृत्त गुरुजी आले. पेटीसारखे मोठे दोन स्पीकर, वीसेक वर्षांचे. "खालचा आवाज गेलाय हो. मुलगा म्हणतो टॉवर घ्या." मी जाळी काढली आणि कोनच्या कडेचा फोम बोटाने नुसता दाबला. तो ओल्या कुटासारखा बोटाला चिकटून आला. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात फोमचं असंच होतं. दमट हवेत त्याचा लगदा होतो, मग कोनला धरून ठेवणारं काही उरत नाही. मी जुना फोम खरवडून काढला, कडा थिनरने पुसली, कॉइलच्या फटीत पातळ फिल्मच्या पट्ट्या सारून कॉइल मधोमध आणली आणि नवी रबराची कडा चिकटवली. सोल्यूशन वाळल्यावर दोन्ही अंगठे कोनवर समोरासमोर ठेवून हलकेच दाबायचं. आत खरखर झाली तर कॉइल घासतेय, पुन्हा उघडा. झाली नाही. गुरुजींनी दुकानातच वसंतराव देशपांडे लावले, पहिला डग्गा पडला तसे माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे माझे कान शाबूत आहेत म्हणायचे."

तसंच कंडेन्सरचं. तो जितका गरम राहील तितका लवकर वाळतो, दर दहा अंश उष्णतेला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पॉवर सप्लायचा कंडेन्सर वाळला की स्पीकरमधून १०० हर्ट्झची घूं सुरू होते. लोक तिला ॲम्प्लिफायरचा स्वभाव समजून वर्षानुवर्षं ऐकत बसतात. रेकॉर्ड प्लेअरची सुई तर कुणाच्या लक्षातच नसते. हिऱ्याची सुईसुद्धा हजारेक तासांच्या पुढे ताणू नये, नाहीतर ती खाचा खाऊन टाकते. ही सगळी देखभाल झाली, ती करत राहायची, तिथे थांबायचा प्रश्नच नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

त्या पुढच्या भागात लोकांना सगळ्यात जास्त हाव असते ती खालच्या आवाजाची. सबवूफर पाहिजे, जमीन हलली पाहिजे. मी त्यांना विचारतो, ऐकता काय? उत्तर येतं : भीमसेन, कुमार, नाट्यगीतं, अभंग. मग मी कागद घेतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झवर असतो. त्याच्या मागच्या तानपुऱ्यात पंचमाची तार १०४ च्या आसपास, जोडीच्या दोन तारा षड्जावर आणि खर्जाची तार ६९ वर. डग्ग्याचा घुमारा साधारण याच शेजारात राहतो. बायकांची पट्टी वरची, तिथे खर्जही १०० च्या वर सरकतो. म्हणजे आपल्या ख्यालात, नाट्यसंगीतात, भजनात खर्जाच्या तारेखाली गाण्याचं म्हणून काही उरतच नाही. ६० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा स्पीकर या संगीताला पुरून उरतो. हल्लीचे सिनेमे पाहायचे असतील तर गोष्ट वेगळी, त्यात मुद्दाम ३० हर्ट्झपर्यंतचं काही भरलेलं असतं, आणि ते ज्याला हवं त्याने जरूर लावावं. पण बालगंधर्व ऐकायला सबवूफर घेणारा माणूस त्या खालच्या पट्ट्यात महामार्गावरचे ट्रकच ऐकणार आहे. हे शब्दशः खरं आहे : अवजड गाडीच्या इंजिनाची घरघर १०० हर्ट्झच्या खालीच दाटलेली असते. तिठ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या घरात ती जागा दिवसरात्र भरलेली आहे.

वॅटचंही तसंच. ५० वॅटच्या जागी १०० वॅट आणले की जास्तीत जास्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कान देऊन ऐकलं तर कळेल इतपत फरक. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला दहापट शक्ती लागते. घरातल्या खोलीत शांतपणे गाणं ऐकताना तर एखादा वॅटही पुरेसा असतो.

खोलीवर मात्र मी तासन्‌तास बोलू शकतो, कारण तीच खरी सिस्टीम आहे आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. आमच्याकडची जुनी घरं गाण्याला फार भली होती. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर उतरतं कौलारू छप्पर, वासे, रिपा, ओटीवरून माजघरात सताड उघडं दार. उतरत्या छपरामुळे वरखाली समोरासमोर सपाट पृष्ठभागच नसतो. कौलांच्या फटींतून खालचा आवाज निसटून जातो, गिलावा न केलेला चिरा वरचा आवाज विखरून टाकतो. त्या ओटीवर साधा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरही गोड वाजायचा. मग मुलांनी पैसे पाठवले, घर पाडलं, स्लॅब पडली. नव्या हॉलमध्ये गुळगुळीत प्लास्टर, टाइल्स, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि माप १२ बाय १२ फूट. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास धरला तर १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झला आवाज उभा राहतो आणि त्याच्या दुप्पट ९४ ला पुन्हा. चौरस खोलीत लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच ठिकाणी घाव घालतात. ९४ म्हणजे थेट डग्ग्याचा मुलूख. तालीम केलेल्या तबलजीने डग्ग्यावर नाजूक घसीट काढली तरी या हॉलमध्ये तिची ढूम ढूम होते. मालक समजतो ॲम्प्लिफायर हलका आहे, आणि मोठा आणतो. ढूमही मोठी होते.

अशा हॉलमध्ये मी पहिल्यांदा स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोनेक फूट पुढे घेतो. कोपरा खालचा आवाज फुगवतो. मग बसायची जागा मागच्या भिंतीपासून सोडवतो, कारण भिंतीला डोकं टेकून बसलेल्या माणसाला तोच आवाज फुगलेला ऐकू येतो. कापसाच्या जाड गाद्या एका कोपऱ्यात रचतो, पुस्तकांचं कपाट बाजूच्या भिंतीला लावतो, माजघराचं दार उघडं ठेवायला सांगतो. घरातल्या बायकांना गाद्यांची ती जागा पटत नाही, आणि त्यांचं बरोबर असतं, मग वादावादी होऊन कुठेतरी मधला मार्ग निघतो. यातल्या कशालाही बाजारातून काही आणावं लागत नाही. या दुपारभराच्या सरकासरकीने जो फरक पडतो, तो तिप्पट किमतीच्या ॲम्प्लिफायरने पडलेला मी पाहिलेला नाही.

यापुढची मर्यादा खुद्द रेकॉर्डिंगची. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियनने काढलेल्या तबकड्या १९३० च्या दशकातल्या, विजेवर मुद्रण सुरू झाल्यानंतरच्या. १९२५ च्या आधी गायक भोंग्यासमोर गायचा, तेव्हा जेमतेम अडीच हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज खाचेत उतरायचा. मायक्रोफोन आल्यावर तो पाचेक हजारांपर्यंत गेला. त्यापलीकडे त्या तबकडीत फक्त लाखेची खरखर आहे. २० हजारांपर्यंत झगझगीत वाजणारा ट्वीटर तिथे खाँसाहेबांचं काही वाढवून देत नाही, खरखर तेवढी उजळून देतो. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांच्या मुद्रिकेतली, तिच्या सगळ्या मर्यादांसकट. निवडणाऱ्यांना तेवढ्यात केसरबाई पुऱ्या सापडल्या.

मग थांबायचं कधी, हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. तानपुरा चांगला ऐकू येणारं एखादं एलपीच्या काळातलं किंवा नंतरचं ख्यालाचं मुद्रण घ्यायचं. आवाज इतकाच ठेवायचा की शेजारी बसलेल्याशी पट्टी न चढवता बोलता येईल. मग गायक श्वास घ्यायला थांबतो त्या फटीत ऐकायचं. तानपुऱ्याच्या चार तारा एकेक सुट्या कळतात का, जवारीची झणझण खर्जाच्या तारेमागून हळूहळू वर चढताना ऐकू येते का? डग्ग्यावरची घसीट कुठून कुठे गेली ते बोटाने हवेत दाखवता येतं का? हार्मोनियमचा भाता भरताना होणारा हवेचा आवाज आहे का? हे सगळं मिळालं की माझ्या लेखी सिस्टीम पुरी झाली. यानंतर जे काही बदलाल त्याने आवाज वेगळा होईल. वेगळेपण पहिल्या आठवड्यात सुधारणेसारखं वाटतं, म्हणून मी गिऱ्हाइकाला नवीन वस्तू महिनाभर लावून मग जुनी परत जोडायला लावतो. जुनी जोडल्यावर ज्याला करमत नाही त्याने नवी ठेवावी. बहुतेकांना करमतं.

बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर बनवला. फूटभर उंच, आत पाचेक लिटर हवा. एवढ्या पेटीतून खालचा आवाज निघणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्याचा नाद सोडला आणि माणसाचा आवाज खरा यावा यासाठी जीव ओतला. आज ५० वर्षं झाली, लोक तो जपून वापरतात. थांबण्याची ही रीत मला फार मोठी वाटते : काय सोडायचं हे आधी ठरवलं, मग जे ठेवलं त्यात कसूर केली नाही.

कानांचंही वय होतं. पन्नाशीनंतर बहुतेकांना बारा-तेरा हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही. सिस्टीमवर मन मोकळं करून खर्च करण्याइतके पैसे नेमके याच वयात हातात असतात. मी हे गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा काहींना वाईट वाटतं. पण तानपुऱ्याची जवारी, शब्दांची फेक, तानेतला दाणा हे सगळं त्याच्या बरंच खाली आहे. ते शेवटपर्यंत आपलंच राहतं.

आणि तुलना कशाशी करायची तेही ठरलेलं हवं. रत्नागिरीला आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव थिबा राजवाड्याच्या आवारात होतो. तिथे गाणं ऐकावंच, पण तिथला आवाजही मायक्रोफोन-स्पीकरमधूनच येतो. घरच्या सिस्टीमची परीक्षा घ्यायची तर गावातल्या गायनाच्या क्लासात जाऊन तासभर बसावं, जिथे तानपुरा तारेवरून थेट कानात येतो. तो आवाज आपण समजतो त्यापेक्षा बराच हळू असतो. तो कानात ठेवून घरी आलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे व्हॉल्यूम कमी करणं.

माझ्या स्वतःच्या खोलीत आता बदलण्यासारखं काही नाही, एक सोडून. आमच्याकडे महामार्गाचं चौपदरीकरण काँक्रीटचं आहे. काँक्रीटवर टायरचा आवाज डांबरापेक्षा जास्त येतो, आणि भरधाव गाडीच्या टायरचा जोर १००० हर्ट्झच्या आसपास असतो. इंजिनाची घरघर जवारीच्या बरीच खाली तरी राहायची, हा सूं सूं आवाज थेट जवारीवर येऊन बसतो. रस्त्याकडच्या खिडकीला जाड दुहेरी काच आणि फटींना रबर लागणार. सुताराला माप देऊन ठेवलं आहे. पावसाळा संपून लाकूड वाळलं की तो येणार आहे.