त्रेपन्नावा दरवाजा

आमचे शहर दरवाज्यांचे. बावन्न दरवाजे होते असे जुने लोक सांगतात. मोजायला निघाले तर आज तितके सापडत नाहीत, हा भाग निराळा. भडकल, मकाई, रंगीन, पैठण, दिल्ली ही नावे मात्र रिक्षावाल्यांच्याही तोंडी आहेत. यांतले बहुतेक दरवाजे तटाचे. रात्री मिटण्यासाठीच ते बांधलेले. परंतु ज्याला तट कधीच नव्हता असा एक दरवाजा लेण्यांच्या डोंगराच्या बाजूला उभा आहे. तो विद्यापीठाचा. मी त्याला त्रेपन्नावा म्हणतो.

दरवर्षी १४ जानेवारीला तेथे जी गर्दी लोटते ती मी पुष्कळदा पाहिली आहे. खेड्यापाड्यांतून माणसे येतात, लेकराला खांद्यावर घेऊन, भाकरी फडक्यात बांधून. कमानीपुढे हात जोडतात, पुस्तकांच्या दुकानांतून एखादे पुस्तक घेतात आणि परत गाडी धरतात. जगात विद्यापीठे पुष्कळ असतील. पण निरक्षर म्हातारीने ज्याच्या दाराला नमस्कार करावा असे दुसरे मला ठाऊक नाही.

हे उगीच झालेले नाही. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, आणि त्यानंतरही दहा वर्षे आमची कॉलेजे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. १९५० साली बाबासाहेब आंबेडकरांनी येथे मिलिंद महाविद्यालय काढले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पुढे १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि गावोगाव दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. नाव यायला १९९४ सालची मकरसंक्रांत उजाडावी लागली. ज्या घरात कुणी मॅट्रिकदेखील झालेले नव्हते, त्या घराला विद्यापीठाचे नाव या सोळा वर्षांत पाठ झाले. नाव गावात पोहोचले ते असे, जळालेल्या घरांवरून. मग विद्या कोणत्या वाटेने पोहोचली, हे विचारण्याचा हक्क त्या नमस्कार करणाऱ्या म्हातारीला आहे असे मला वाटते.

वाट नाही असे म्हणता येणार नाही. एकेका विद्यापीठाला शेकडो कॉलेजे संलग्न असतात. मराठवाड्यात असा तालुका शोधून सापडायचा नाही की जेथे एकही कॉलेज नाही. अशा एका तालुक्याच्या गावी मी आयुष्यभर मराठी शिकवली. एवढे मोठे जाळे दुसऱ्या कोणत्या खात्याजवळ आहे? पण या जाळ्यातून वाहते काय? प्रश्नपत्रिका येतात, उत्तरपत्रिका जातात. १८५७ साली मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे लंडनच्या नमुन्यावर विद्यापीठे झाली, तेव्हा परीक्षा घेणे हेच त्यांचे काम होते. विद्यापीठ पुढे शिकवू लागले, संशोधन करू लागले. तालुक्याला मात्र ते अजून परीक्षेचे खातेच वाटते.

अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. तेथील विद्यापीठात बॅबकॉक नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. त्या काळी दुधाचे पैसे वजनावर मिळत. साहजिकच पाणी घालणारा शहाणा ठरे आणि चांगली गाय पाळणारा मूर्ख. १८९० साली बॅबकॉकने दुधातील स्निग्धांश मोजण्याची एक सोपी रीत काढली आणि तिचे पेटंट न घेता ती सर्वांना खुली केली. आज आपल्या गावच्या डेअरीवर ‘फॅट किती लागली?’ असे विचारतात, ती याच जातीची मोजणी. मला या गोष्टीत शोधापेक्षाही प्रश्न मोलाचा वाटतो. तो गोठ्यातून प्रयोगशाळेत आला होता.

आपल्याकडे असे काही नाहीच, असे रडगाणे मी गाणार नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ सालचे, म्हणजे त्या भयंकर दुष्काळाच्या वर्षातले. पाने पिवळी पाडणाऱ्या रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी त्याने दिली. त्याच्याच बदनापूरच्या केंद्रातून लवकर हाती येणारी पांढरी तूर निघाली. जालन्याजवळ खरपुडीला मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकरी आणि शास्त्रज्ञ एकत्र बसतात. आमंत्रणपत्रिकेची गरज नाही, तारीख पाठ असते. त्याच जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोटाचे काम केले, शेततळी खणली आणि द्राक्षे पिकवली. विकासाच्या नावाने निघालेल्या कितीतरी परिषदांपेक्षा ही पाच तारीख मला मोठी वाटते. परिषद होते आणि संपते. पाच तारीख पुढच्या महिन्यात पुन्हा येते.

कॉलेजांचे नेमके येथे अडते. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्यातून हिवाळ्यात मुलांचे सात दिवसांचे शिबिर खेड्यात जाते. मुले रस्ता झाडतात, रात्री पथनाट्य करतात; गावकरी कौतुकाने पाहतात आणि आठव्या दिवशी पुन्हा उकिरडा जागेवर येतो. पुढच्या वर्षी बहुधा गावच बदलते. झाडू वाईट नाही. पण ज्या मुलाला रसायनशास्त्र येते त्याच्या हाती झाडूच का द्यावा?

आमच्या कॉलेजातील भूगोलाच्या प्राध्यापकांना हे पटत नसे. त्यांनी एक साधे काम काढले. मुले आसपासच्याच खेड्यांतली. प्रत्येकाने हाताहातावर गाठी मारलेली दोरी घ्यायची, तिला दगड बांधायचा आणि दर अमावास्येला आपल्या घरच्या नाहीतर शेजारच्या विहिरीत सोडायची. काठापासून पाणी किती हात खाली, एवढेच वहीत लिहायचे. अमावास्या अशासाठी की ती घरातल्या आजीला आठवते. कॅलेंडर लागत नाही. पहिल्या वर्षी मुले हसली. काहींनी घरी बसून आकडे लिहिले, ते सरांनी ओळखले. दुसऱ्या वर्षी बाप वही मागू लागले. विहिरीवाल्यापुढे दिवाळीनंतर एक प्रश्न असतो : गहू पेरावा की हरभऱ्यावर भागवावे? गव्हाला पाणी जास्त; अंदाज चुकला की फेब्रुवारीत उभे पीक वाळते आणि बियाण्याचे कर्ज तेवढे हिरवे राहते. तीन वर्षांच्या नोंदी समोर आल्यावर माणसे आपल्याच विहिरीकडे निराळ्या नजरेने पाहू लागली.

२०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात मला त्या वह्यांची फार आठवण झाली. प्रत्येक संलग्न कॉलेजाने वीस विहिरी धरल्या असत्या, नोंदी विद्यापीठात एकत्र झाल्या असत्या आणि तेथून पाच तारखेच्या बैठकीला गेल्या असत्या, तर कोणता पट्टा कधी कोरडा पडणार हे आधी कळायला फार मोठी यंत्रे लागली नसती. दोरी, दगड आणि वही, इतकाच खर्च. शिवाय हे काम नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलाची धाकटी बहीणही पुढे चालवू शकते. आमच्याकडे एकदोन घरांत तसे झालेही.

लक्ष्मीपूजनाचा दिवस अमावास्येचाच. पणत्या लावण्याआधी त्या घरांतून कुणीतरी विहिरीवर जाते, दोरी सोडते, गाठी मोजते आणि घरी येऊन सांगते, “अकरा हात. यंदा गहू निम्माच.”