मोह आवरेना

आशागडला सुट्टीत आलेला माझा पुतण्या चार दिवस मोबाईलवर लाकडं तोडत होता. रडगाणं एकच, ‘‘काका, झाड दिसावं तर दुसऱ्याने आधीच तोडलेलं!’’ २०१२ साली आलेल्या ‘गिल्ड वॉर्स २’ या खेळात म्हणे यावर इलाज निघाला. झाड एकच, पण ज्याला त्याला आपला वाटा पूर्ण!

मी त्याला पहाटे मोहाखाली नेलं. फुलं रात्रभर गळतात, उजाडता उजाडता वेचायची. पाच मिनिटांत माझ्या कमरेने राजीनामा दिला. टोपलीत फुलं सव्वीस. पुतण्या दुसऱ्या अंगाला वळला, तोच तिथली वारली आजी म्हणाली, ‘‘तिकडची नको वेचू बाबा. ती शेजारणीची. तापाने पडलीय ती.’’

या फुलांसारख्या गौण वनउपजावरचा आजीचा मालकी हक्क कायद्याने मान्य केला तो २००६ साली. शेजारणीचा हक्क मात्र आजीने कायद्यावाचूनच मान्य केलेला!

पुतण्याने मोबाईल खिशात टाकला. ‘‘काका, हा नियम कधी आला?’’

‘‘आजीला विचार.’’

आजीने उत्तर दिलं नाही. माझ्या सव्वीस फुलांकडे पाहून तिने आपल्या टोपलीतली ओंजळभर त्यांत टाकली.