गुंता

वारीला जायचं ठरलं तेव्हा जाऊबाईंनी आधी माझ्या केसांकडे पाहिलं. "निम्मे कापून टाक. वीस दिवस कुठं करत बसशील त्यांचं?" केस कमरेखाली चार बोटं आलेले. कापवले नाहीत. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पायांची धास्ती होती, केसांची नव्हती. पाय चारेक दिवसांत सरावले. केस मात्र शेवटपर्यंत सरावले नाहीत.

दिंडीत पहाटे तीनला टँकरपाशी रांग लागते. अंधारात आडोसा करून बायका भराभर उरकतात. वाट्याला येते एक बादली. लांब केसांना दोन तरी लागतात, आणि दुसरी मागायची लाज वाटते. पुणे ते सासवड ही तीस किलोमीटरच्या वरची चाल, त्यात दिवेघाट. घामानं डोकं नुसतं चिकटलेलं. सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा, म्हणून तिथं न्हाऊन घेतलं. नेमकी झिमझिम लागली. ऊन नाही, वारा नाही, केस वाळेनात. तसाच ओला अंबाडा घालून, पदर घेऊन निघाले. जेजुरीत भंडारा उधळला तो पदर घसरल्या डोक्यावरही पडला. रात्री राहुटीत अंबाडा सोडला तर आत हळदीचा चिखल, आणि दह्याला आंबल्यावर येतो तसला वास.

"ओले केस बांधू नये माय, आंबतात," शेजारच्या वळकटीवरून आजी म्हणाल्या. परभणीकडच्या. त्यांनी मला पाठमोरी बसवलं, खोबरेल मागून घेतलं आणि कंगवा हातात घेतला. मी आयुष्यभर वरून खाली विंचरत आले. गाठ आली की हिसका. आजींनी शेंड्यापासून धरलं. खालची चार बोटं मोकळी, मग त्यावरची चार बोटं. गाठ आली की कंगवा ठेवायचा, बोटाला तेल लावून ती उकलायची, केसाच्या मुळाशी दुसऱ्या हाताची मूठ घट्ट. मग दुखत नाही. पाऊण तास लागला असेल. त्यांनी घट्ट वेणी घातली, दुमडली आणि शाळकरी पोरीसारखी रिबिनीनं वर बांधली. "आता नीरेपर्यंत सोडू नको."

वेणी झाली आणि मी वळून पाहिलं, तेव्हा बल्बच्या उजेडात त्यांचा पदर सरकलेला होता. मानेवर मनगटाएवढी जाड, काळसर तपकिरी जट. फडक्यात गुंडाळून खांद्यावरून पुढे घेतलेली, झोपलेल्या मांजरासारखी.

दुसऱ्या बाळंतपणात ताप मुरला, दोन महिने कंगवा लागला नाही, केसांचा लगदा झाला. कुणीतरी म्हणालं, देवी आली. मग कात्री कुणी लावायची? एवढंच सांगितलं त्यांनी, चपलेचा अंगठा शिवताशिवता.

जट कशी होते हे मला ठाऊक आहे. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरलं की ते कंगव्यात येतात, नाही विंचरलं की उरलेल्यांत अडकतात. वर तेल, धूळ, घाम. चोळलेली लोकर घट्ट बसते तसे ते बसत जातात. देवीचा त्यात काही संबंध नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन, समजूत घालून अशा जटा सोडवतात, ते काम मला मोलाचं वाटतं. हे सगळं जिभेवर होतं. पण जिनं नुकतीच माझी एकही गाठ न तोडता उकलली, तिच्यापुढे ते बाहेर पडेना. आजही मला त्या गप्प बसण्याचं समर्थन करता येत नाही.

नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान झालं. काठावर बायकाच बायका, केस पिंजून उन्हाला बसलेल्या. तुळस घेऊन चालणाऱ्यांचे अंबाडे सगळे मानेलगत. वर बांधला तर चुंबळ बसत नाही, आणि तेल जास्त झालं तर वृंदावन घसरतं, हे मला तिथं कळलं. आजी गळ्यापर्यंत पाण्यात उतरल्या आणि तशाच वर आल्या. डोकं कोरडं. जट भिजली की दोन दोन दिवस वाळत नाही, मान धरते, रस्ता चालवत नाही.

पुढे रोजचंच झालं. पुरंदवड्याच्या गोल रिंगणात अश्व धावले, बायाबापड्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावत होत्या. उरलेली माझ्या केसांत. रात्री आजींनी ती झाडली. एकदा उवाही निघाल्या, कुणाच्या आणि कशा हे विचारायचं नसतं. जनाबाईची वेणी विठोबानं घातली, तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या, ही गोष्ट लहानपणी मला गमतीची वाटायची. देवाला एवढं हलकं काम! आता वाटतं, जनीनं देवाकडून नेमकं तेच का करवून घेतलं असेल हे आजींना विचारावं. विचारलं नाही. त्यांच्या डोक्याला कितीक वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता.

पंढरीत चंद्रभागेवर मात्र त्यांनी फडकं सोडलं. नाक धरून तीन बुड्या घेतल्या, पूर्ण डोक्यावरून. वर आल्या तेव्हा जटेच्या वजनानं मान एका बाजूला कलली होती, आणि त्या हसत होत्या. "धर गं जरा," म्हणाल्या. त्यांनी मुळाशी दोन्ही मुठींनी आवळून धरलं, मी शेंड्याकडून पीळ घालायला लागले, वाकळ पिळतात तसा. आधी मातकट पाणी निघालं, मग पिवळट. हाताला ती गरम लागली, आतून. मी थांबले.

"अजून एकदा," आजी म्हणाल्या. "आत लई पाणी राहतं."