जुनी गाडी आणि गच्चीचा कठडा



इस्राएलहून किंवा मुंबईहून कोणी पाहुणे आमच्याकडे जर्मनीत आले की त्यांना दोन गोष्टींचं नवल वाटतं. एक म्हणजे इथला माणूस गाडीत बसला की आधी बेल्ट लावतो, मग किल्ली फिरवतो. मागे बसलेली आजीबाईसुद्धा लावते. दुसरं म्हणजे रविवारी जरा ऊन पडलं की पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या गाड्या धुऊनपुसून, चकचकीत करून लोक फिरायला काढतात. पाहुणे म्हणतात, "जर्मन माणूस मुळातच शिस्तीचा!"

जुन्या गाड्यांचं प्रेम मुळातलं असेल. पण बेल्टच्या बाबतीत तसं मुळीच नाही. ती सवय आमच्या डोळ्यांदेखत लागली आणि सुखासुखी लागली नाही. ती हकीकत सांगायचं कारण असं, की आपली वडीलधारी मंडळी अजूनही मुंबई-अलिबागला जातात तेव्हा टॅक्सीत मागच्या सीटवर मोकळीच बसतात.

आम्ही दोघे १९७४ साली इथे आलो. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून पश्चिम जर्मनीत नव्या गाड्यांच्या पुढच्या सीटना बेल्ट बसवणं सक्तीचं झालं होतं. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी अडकवलेला आजचा बेल्ट त्याआधीच निघालेला होता. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतले इंजिनियर निल्स बोलिन यांनी तो १९५९ साली केला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. म्हणजे वस्तू होती, गाडीत बसवलेलीही होती. पण लोक ती लावत नव्हते. १ जानेवारी १९७६ पासून पुढच्या सीटवर बेल्ट लावायचा कायदा झाला, पण न लावणाऱ्याला दंड नव्हता. मग काय! बेल्ट तसाच खिळ्याला टांगल्यासारखा लोंबत राही.

त्या वेळी लोक काय काय बोलत! बायका म्हणत, छातीला इजा होईल. पुरुष म्हणत, गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर आत अडकून मरू. कोणी म्हणे, आम्ही स्टिअरिंग घट्ट धरतो, आम्हाला काय होतंय? 'डेर श्पीगेल' ह्या मोठ्या साप्ताहिकाने डिसेंबर १९७५ मध्ये 'गाडीला जखडलेले' अशा अर्थाचं मथळ्याचं पान काढलं होतं. दूरदर्शनवर 'सातवं इंद्रिय' नावाचा छोटा कार्यक्रम लागे. तो १९६६ पासून २००५ पर्यंत चालला, आणि रस्त्यावर कसं वागावं हे त्यात दाखवत. बेल्टचा कंटाळा करणाऱ्याला इथे 'गुर्टमुफेल' म्हणतात. गुर्ट म्हणजे पट्टा, आणि मुफेल म्हणजे तोंड फुगवून बसणारा. मुलांनो, असा एखादा गुर्टमुफेल तुमच्याही घरात असेल तर हा शब्द लक्षात ठेवा!

आम्ही परिचारिका मात्र ह्या वादाची दुसरी बाजू रोज पाहत होतो. त्या काळी अपघाताचा माणूस आला की चेहऱ्याकडे पाहूनच कळे, तो पुढे बसला होता. समोरच्या काचेवर डोकं आपटलेलं, कपाळ-गाल फाटलेले, डोळ्यांत काच. ड्रायव्हर असेल तर स्टिअरिंगवर छाती आदळून बरगड्या मोडलेल्या. काचेचे बारीक तुकडे काढता काढता तासन्‌तास जात. आणि विचारलं, कुठे निघाला होतात, तर उत्तर बहुतेक एकच, "इथेच, पाव आणायला." लांबच्या प्रवासाला माणूस सावध असतो. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जायला कोण सावध राहतो?

पाव आणायला निघालेल्या त्या गाडीचा वेग किती? फार तर ताशी ५० किलोमीटर. त्या वेगाने गाडी भिंतीवर आदळली तर आतल्या मोकळ्या माणसाला बसणारा मार सुमारे दहा मीटर उंचीवरून पडल्यासारखा असतो. म्हणजे आपल्या भायखळ्याच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली! एवढं ओझं हातांनी पेलणारा पहिलवान अजून जन्मला नाही. मांडीवर घेतलेलं मूलही कोणाला धरून ठेवता येत नाही. गाडी थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. बेल्ट त्याला गाडीबरोबर थांबवतो, एवढंच त्याचं काम. आणि गाडी पेटण्याची जी भीती लोकांना वाटे, तिचं उत्तर सोपं होतं. बेल्ट लावलेला माणूस बहुधा शुद्धीवर राहतो, आणि शुद्धीवर असलेल्या माणसालाच दार उघडून बाहेर पडता येतं.

इतकी वर्षं डॉक्टर सांगत होते, पोलीस सांगत होते. पण सवय लागली ती १ ऑगस्ट १९८४ ला. त्या दिवसापासून पुढच्या सीटवर बेल्ट न लावणाऱ्याला ४० मार्क दंड सुरू झाला. साधारण साठ टक्के लोक बेल्ट लावत होते, ते पाहता पाहता नव्वद टक्क्यांच्या वर गेले. स्वातंत्र्याचा आठ वर्षांचा वाद ४० मार्कांत मिटला! मागच्या सीटचा कायदाही १९८४ मध्येच आला, त्याचा दंड १९८६ पासून. १९९३ पासून मुलांना त्यांच्या मापाची वेगळी सीट सक्तीची झाली. १९७० साली दोन्ही जर्मनींत मिळून रस्त्यावर २१,३३२ माणसं मेली होती, २०२३ साली २,८३९. हे एकट्या बेल्टचं श्रेय नाही. वेगाच्या मर्यादा आल्या, दारूचे नियम कडक झाले, रुग्णवाहिका लवकर पोचू लागल्या, गाड्या सुधारल्या. पण काचेने फाटलेले ते चेहरे येणं कमी झालं ते बेल्टमुळे, एवढं आम्ही परिचारिका शपथेवर सांगू.

आता जुन्या गाडीची गोष्ट.

२००९ साली जर्मन सरकारने एक योजना काढली. किमान नऊ वर्षांची जुनी गाडी मोडीत द्या, नवी घ्या आणि २,५०० युरो मिळवा. सुमारे वीस लाख गाड्या अशा मोडीत गेल्या. आमच्या शेजारच्या आजोबांकडे १९६८ सालची फोक्सवागन होती. हिला इथे 'केफर' म्हणतात, म्हणजे भुंगा. दिसायलाही भुंग्यासारखी गोल, आणि इंजिन मागच्या बाजूला. जर्मनीत ती १९७८ पर्यंत बनली, मेक्सिकोत थेट २००३ पर्यंत. आजोबांचे चिरंजीव ती मोडीत द्यायला निघाले. आमचे हे तेव्हा नुकतेच नोकरीतून मोकळे झाले होते. त्यांनी ती विकत घेतली.

हे असं का करतात, ते पुरुषांनाच ठाऊक! पण आम्हालाही ती आवडली हे खरं. तिचा आवाज ऐकला की मुंबईची आठवण येई. आपल्याकडे पाहुणा आला की 'डुक्कर फियाट' दाराशी उभी राही, पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी आली. एका टॅक्सीत आठ माणसं, मांडीवर पोरं, पायाशी मालिद्याच्या सामानाच्या पिशव्या, आणि आत्या खिडकीशी. ती काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा इथे बसून आम्हाला हुरहूर वाटली. जुन्या गाडीवर जीव जडतो तो पत्र्यासाठी नाही, तिच्यात बसून गेलेल्या माणसांसाठी.

इथल्या सरकारलाही हे कळतं. तीस वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात नीट राखलेली गाडी असेल तर नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं. ही पद्धत १९९७ पासून आहे. वर्षाला सुमारे १९२ युरो ठरावीक कर भरला की झालं. बेल्टच्या बाबतीत तर आणखी सवलत. १ एप्रिल १९७० च्या आधी नोंदलेल्या गाडीला मुळात बेल्ट नसेल तर तो बसवायची सक्ती नाही. आमच्या केफरमध्ये एकही बेल्ट नव्हता, आणि कायद्याने त्यात काही चूक नव्हती.

पण त्याच कायद्यात आणखी एक ओळ आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला बिनबेल्टच्या गाडीतून नेता येत नाही. आमची नात तेव्हा दीड वर्षाची. तिला केफरमधून आइस्क्रीम खायला न्यायचा आजोबांचा बेत होता, तो तिथेच अडला. हे म्हणाले, "तीन वर्षांची झाली की नेऊ." आणि बेल्ट बसवायची गोष्ट काढली तर म्हणाले, "मूळ रूप बिघडेल." आमच्या दोघांत ह्यावर चार दिवस बोलणं चाललं. मूल तीन वर्षांचं झालं म्हणून त्याचं डोकं काही लोखंडाचं होत नाही.

शेवटी तोराच मदतीला आली. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आज्ञा आहे, की नवीन घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, नाहीतर कोणी पडलं तर त्याचं रक्त तुझ्या घरावर येईल. आपल्या रब्बींनी तिचा अर्थ गच्चीपुरता ठेवला नाही. अंगणात विहीर असेल तर तिलाही कठडा किंवा झाकण हवं असं सांगितलं. आता आज्ञेत शब्द 'नवीन घर' असा आहे. म्हणून जुन्या घराच्या गच्चीवरून माणूस पडला तर चालेल, असं कोणी म्हणतं का? जर्मन कायदाही नव्या गाडीला बेल्ट सांगतो, जुनीला सूट देतो. ती सूट गाडीला आहे. आत बसलेल्या माणसाच्या हाडांना सूट कुठून मिळणार? हे बोलणं झालं आणि हे उठून गॅरेजला फोन करायला गेले.

मेकॅनिकने चारही जागी बेल्ट बसवले, तपासणी करणाऱ्याने ते पाहून मान्य केले, 'एच' अक्षरही राहिलं. पुढचे बेल्ट जुन्या धर्तीचे आहेत, आपोआप गुंडाळले जात नाहीत. दर माणसाला ते हाताने ओढून मापाचे करावे लागतात, आणि सैल ठेवले तर उपयोग नाही. मुलांनो, तुमच्या नव्या गाडीत बेल्ट हळू ओढला तर सरकतो, एकदम हिसका दिला तर अडतो. करून पाहा, मात्र गाडी उभी असताना. अपघातातही तो असाच अडतो. गाडी म्हातारी झाली तरी आमची नात त्या केफरमध्ये आपल्या छोट्या सीटवर बांधलेली बसे, आणि आजोबांना विचारी, "तुमचा लावला का?"

आता आपल्या मुलखाकडे वळू. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी नवी, महागडी, सगळ्या सोयींची. पुढे बसलेले दोघे जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले दोघे गेले. त्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. म्हणजे प्रश्न जुन्या-नव्या गाडीचा नाहीच. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांनाच बेल्ट सक्तीचा केला. कायदा झाला, पण सवय? आपण मुंबईत टॅक्सीत बसतो तेव्हा मागच्या बेल्टची टाचण सीटच्या कव्हराखाली दडपलेली असते. ड्रायव्हर हसतो, म्हणतो, "आजी, मागे कशाला?" जर्मनीतले लोक १९७६ साली अगदी असंच हसत होते.

म्हणून परिचारिकेच्या नात्याने थोडं सांगतो. कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर हवा. खांद्याचा पट्टा गळ्याजवळच्या हाडावरून जाऊ दे, काखेखालून घेऊ नये. जाड कोट घातला असेल तर तो काढून मग बेल्ट लावावा, साडीच्या पदराचा बोळा मध्ये येऊ देऊ नये. गरोदर मुलीने कमरेचा पट्टा पोटाच्या खाली घ्यावा. आपल्या वयात हाडं ठिसूळ असतात, बेल्टने कधी बरगडीला मार बसतोही. पण बरगडी सांधते. मागे मोकळं बसलेलं माणूस तर पुढच्या माणसावर जाऊन आदळतं, म्हणजे आपल्या आळसाची शिक्षा आपल्याच मुलाला.

अलिबागजवळ खंडाळ्याला आपण जातो. एलियाहू हन्नाबींच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा तिथल्या खडकावर आहेत अशी आपल्या लोकांची श्रद्धा आहे. त्यांच्या रथाला बेल्टची गरज नव्हती, तो वर चालला होता. आपल्याला मात्र मालिदा करून परत घरी यायचं असतं. तेव्हा ह्या वर्षी जे कोणी जातील त्यांनी टॅक्सीवाल्याला आधीच म्हणावं, "बाबा, मागचं कव्हर काढ आणि बेल्ट वर घे, मग निघू." दोन मिनिटं उशीर होईल. प्रवासाची प्रार्थना तेवढ्यात म्हणून होते.