ढीग आणि हात

प्रिय आई,

परवा फोनवर म्हणालीस, "माकडांवर कसलं डोंबलाचं संशोधन करतात!" एक तर ती माकडं नव्हेत, बिनशेपटीचे कपी आहेत. दुसरं, ते संशोधन वाचताना मला सारखी आपली मंडई आठवत होती.

टोमॅटोचा लालभडक ढीग बघून मी भाळायचे. तुझी नजर भाजीवाल्याच्या हातावर. गप्पा मारता मारता तो हात नेमका मऊ पडलेल्या टोमॅटोवर जायचा. "मी निवडून घेते हो," म्हणत तू पाटी स्वतःकडे ओढायचीस.

तर ऐक. हानेस राकोत्सी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान यांच्यासमोर दोन पारदर्शक बादल्या. दोन्हींत केळ्याच्या गोळ्या आणि गाजराचे तुकडे, पण प्रमाण वेगळं. माणसानं प्रत्येकीतून एकेक जिन्नस मुठीत लपवून काढायचा, कपीनं मूठ निवडायची. गाजर कोणालाच नको! कपी ज्या बादलीत केळ्याचं प्रमाण जास्त, तिच्याकडची मूठ मागत. नुसत्या गोळ्यांच्या संख्येला भुलत नसत.

म्हणजे ढीग कळला. हाताचं काय?

२०१८ साली योहाना एकर्ट आणि सहकाऱ्यांनी २१ चिंपांझींना तेच विचारलं. मूठ भरणाऱ्या माणसाचा ओढा कुठल्या खाऊकडे, हे त्यांना आधी दाखवलं. मग तो माणूस न बघता बादलीत हात घालायचा, तेव्हा चिंपांझी बऱ्यापैकी प्रमाणावरच चालत. तो बघून काढू लागला, की ढीग विसरून त्याच्या आवडीवरून मूठ निवडत. हे दुसऱ्याचं मन ओळखणं की नुसती सवय हेरणं, यावर जाणकार भांडतील. मला विचारशील तर मंडईत तू तरी वेगळं काय करत होतीस?

एका गोष्टीत मात्र ते कमी पडले. ढिगाशी न जुळणारे जिन्नस हाती आले, तरी "हा निवडून काढतोय" असा संशय काही त्यांना आला नाही. कधी भाजीवाल्यानंच भरून दिले, तर तू घरी येऊन टोमॅटो परातीत ओतायचीस. एवढ्या लाल ढिगातून किलोमागे पाच मऊ? पुढच्या शनिवारी आपण दुसऱ्या गाळ्यावर.

त्या पाचांचं सार मात्र सुरेख व्हायचं.

तुझी,
छोटी