फी माफ, तरी शाळा बंद

तुमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळचे आहेत का? असतील तर एकदा त्यांना गाव विचारून बघा. अछाम, डोटी, बाजुरा अशी नावं बऱ्याचदा ऐकू येतील. नेपाळच्या पश्चिमेकडचे हे डोंगरी जिल्हे. घरातले पुरुष कामासाठी भारतात, हे तिथे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. बंगळुरूतल्या आमच्या इमारतीचे वॉचमन अछामचे. सगळे त्यांना ‘बहादूर’ अशी हाक मारतात, पण ते त्यांचं नाव नाहीच. मी त्यांना दाइ म्हणते. नेपाळीत दाइ म्हणजे दादा.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, तिकडचं शाळेचं नवं वर्ष सुरू होताना, दाइ बोलता बोलता म्हणाले, “भावाची मुलगी आठवी पास झाली. आता बस झालं.”

मी लगेच विचारलं, फी किती? तुम्हीही हेच विचारलं असतं. पण फीचा प्रश्नच नव्हता. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने माध्यमिक शाळेपर्यंतचं शिक्षण मोफत केलंय. मग अडलं कुठे? गावातली शाळा आठवीपर्यंतच. नववी-दहावीची शाळा खाली बाजारात, उतरायला दोन तास आणि चढून परत यायला त्याहून जास्त. म्हणून मुलं बाजारात दोघी-तिघींत मिळून एक खोली भाड्याने घेतात. तिला ‘डेरा’ म्हणतात. स्वतः डाळभात रांधायचा, शाळेत जायचं, शनिवारच्या सुट्टीला घरी. खोलीचं भाडं, तांदूळ, गणवेश, वह्या हा झाला दिसणारा खर्च. न दिसणारा खर्च वेगळाच. गवत कापणारे, पाणी भरणारे, धाकट्यांना सांभाळणारे दोन हात घरातून कमी होतात. त्याची पावती कुणी फाडत नाही.

मी महिना पंधराशे रुपये द्यायचं ठरवलं. एका भारतीय रुपयाचे एक रुपया साठ पैसे नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे तिच्या हातात चोवीसशे पडतात. २००८ पासून आपल्या बँकांतून नेपाळला पैसे पाठवायची खास सोय आहे, हे मलाही तेव्हाच कळलं. (८०जी ची करसवलत यात मिळत नाही, आधीच सांगून ठेवते.)

तिची पत्रं दाइंच्या फोनवर फोटो म्हणून येतात. नेपाळीची लिपी आपलीच, म्हणून अक्षरन् अक्षर वाचता येतं. पहिल्याच पत्रात होतं, “दिदी, मलाई कापी चाहियो.” मी बराच वेळ मलाईचा विचार करत बसले. मलाई म्हणजे मला, आणि कापी म्हणजे वही!

चार महिने नीट गेले. मग एक दिवस दाइ जरा अवघडून म्हणाले, “भाऊ विचारतोय, हे पैसे मुलाच्या बोर्डिंगला वापरले तर चालतील का?” तिकडे खासगी इंग्रजी शाळेला बोर्डिंगच म्हणतात, तिथे राहायची सोय असो-नसो. मुलाला बोर्डिंग, मुलीला सरकारी शाळा, ही वाटणी नेपाळमध्ये घरोघरी दिसते. आपल्याकडे दिसत नाही असं मी म्हणणार नाही.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? बाप तिचा, घर त्यांचं. बंगळुरूत बसून मी कोण सांगणार? दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटलं. पैसे तिच्या डेऱ्यासाठी आहेत, तिलाच मिळतील. आता ते घरी जात नाहीत. दाइंची बायको भाडं आणि दुकानाचा हिशोब स्वतः चुकता करते. भाऊ महिनाभर दाइंशी बोलला नाही. हा ताण मी मागे लावून दिला, हे खरं. तरी आजही नाहीच म्हणेन.

ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, त्यापेक्षा तिला काठमांडूच्या एखाद्या बालगृहात ठेव, सगळंच सुटेल. मला कॉनर ग्रेनन यांचं ‘लिटल प्रिन्सेस’ आठवलं. २००६ पर्यंत चाललेल्या यादवीच्या काळात हुमला जिल्ह्यातल्या आईबापांकडून शिक्षणाच्या नावाने पैसे उकळून दलालांनी मुलं काठमांडूला नेली. ती अनाथ म्हणून दाखवली गेली, आणि आईबाप तर गावात जिवंत! ग्रेनन डोंगर तुडवत त्यांच्या घरांपर्यंत पोचले. तेव्हापासून मूल घरापासून लांब नेणाऱ्या कुठल्याही योजनेला मी आधी दहा प्रश्न विचारते. डेऱ्यावरून शनिवारी घरी जाता येतं, मला तेवढं पुरे आहे.

आणि डेऱ्याचा एक फायदा मी हिशोबात धरलाच नव्हता. पाळीच्या दिवसांत मुलींना घराबाहेरच्या झोपडीत ठेवायची ‘छाउपडी’ प्रथा अछाममध्ये अजून आहे. २०१८ पासून तो कायद्याने गुन्हा आहे, पण गावात कायदा सासूच्या पुढे जात नाही. घरी असताना त्या दिवसांत तिची शाळा बुडायची. डेऱ्यावर कुणी विचारत नाही.

आता ती दहावीत आहे. परीक्षा चैत्रात. परवाच्या पत्रात लिहिलंय, नर्सिंग करायचंय. तिकडे दहावीनंतर तीन वर्षांचा कोर्स असतो. त्याची फी माझ्या पंधराशेत कुठेच बसत नाही. दाइंनी तो विषय काढायचं टाळलं, मीच काढला. कॉलेजच्या तीन मैत्रिणींना मेसेज केलाय, महिना किती जमेल ते सांगा, पण तीन वर्षं मध्येच सोडायचं नाही. दोघींनी हो म्हटलंय. तिसरीने अजून उत्तर दिलेलं नाही.